वन्सं आणि सुट्या भागांचा ट्रॅक्टर

वन्संनी बसून चहा घेतला असं मी कधी पाहिलं नाही. कपबशी हातात घेऊन त्या चालायच्या. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून गॅलरीत, गॅलरीच्या टोकाला सामाईक नळ होता तिथवर आणि परत. कप एका खिडकीत सापडायचा, बशी दुसऱ्या. लग्न होऊन मी डोंबिवलीच्या त्या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटत होतं, बाईंना माझं येणं आवडलेलं नाही, म्हणून माझ्यासमोर टेकत नाहीत. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, तुझा काय संबंध? बसलं की मला कुठेतरी काहीतरी अडकून पडलंय असं वाटतं."

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. त्या चोवीस वर्षांच्या असताना त्यांचे यजमान विषमज्वरात गेले आणि त्या धाकट्या भावाच्या आश्रयाला आल्या, असं लोक म्हणत. आश्रय कुणी कुणाला दिला होता ते घरात राहिल्यावर कळायचं. येताना त्यांनी एक ट्रंक आणली होती आणि एक लोखंडी हत्यारपेटी. ट्रंक पलंगाखाली गेली, पेटी मात्र बाहेरच्या खोलीच्या मधोमध राहिली आणि ती खोली वन्संचीच झाली. डोंबिवली तेव्हा लहान होती. स्टेशनापासून दहा मिनिटं चाललं की भातशेतं लागत. पण प्रत्येक चाळीत दोन-तीन तरी शिवणयंत्रं असत आणि ती सगळी कधी ना कधी वन्संच्या हातून जात. शिंपी सुरुवातीला हसायचे. मग तेच डोक्यावर यंत्र घेऊन जिना चढू लागले.

यंत्र आलं की त्या आधी हत्याराला हात लावत नसत. "चालवा बघू," म्हणायच्या आणि डोळे मिटून ऐकत उभ्या राहायच्या. आणणारा तक्रार सांगू लागला की हात वर करायच्या. "त्याचं आधी ऐकू दे. तुमचं मग." कधी कान लावून, कधी लहानशा हातोडीनं टकटक करून त्या दोष शोधत. माझा धाकटा एकदा खोकत होता, तर त्याच्या पाठीवरही त्यांनी तशीच बोटं वाजवली आणि "डॉक्टरकडे ने, आत भरलंय," म्हणाल्या. भरलेलंच होतं.

हे सगळं त्या नवऱ्याकडून शिकल्या होत्या. रघुनाथराव कल्याणच्या एका भातगिरणीत इंजिनावर मिस्त्री होते. चांगल्या शिकलेल्या, पांढरपेशा घरातला मुलगा काळे हात करतो म्हणून त्यांच्या घरच्यांनी त्यांना जवळजवळ टाकलंच होतं. वन्सं डबा घेऊन गिरणीत जायच्या आणि ते जेवत असताना इंजिनाशी थांबायच्या. हळूहळू जेवण लवकर आटपू लागलं आणि थांबणं वाढू लागलं. "माझा संसार म्हणजे सहा वर्षं आणि एक इंजिन," असं त्या एकदा मला म्हणाल्या. त्यात रडवेपणा नव्हता. नवरा गेल्यावर गिरणीच्या मालकानं त्यांना आत येऊ दिलं नाही. बाईमाणसाचं काय काम, म्हणाला. तेव्हापासून त्यांच्या वाट्याला शिवणयंत्रंच आली. त्या ती मन लावून दुरुस्त करत. पण स्टेशनात एखादं इंजिन वाफ सोडत थांबलेलं असलं की त्यांची मान तिकडे वळायची, आणि बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं.

रघुनाथरावांच्या वाटणीची सात एकर भातजमीन खडवलीला होती, ती वन्संच्या नावावर आली होती. ती कसत होता लहानू. त्याच्या आधी त्याचा बाप कसत असे. दर वर्षी लहानू मक्त्याचं भात पोचतं करायचा, आणि वर वालांचं एक गाठोडं. वाल मक्त्यात नव्हते. ते त्याची बायको ठकी वन्संसाठी पाठवायची, कारण तिच्या बाळंतपणात एकदा वन्संनी तिला कल्याणच्या दवाखान्यात नेऊन पोचवलं होतं.

तर या सगळ्यात ट्रॅक्टर आला तो वन्संच्या दिरामुळे. माधवराव ठाण्याला एका वकिलाकडे कारकून होते. टापटीप माणूस, धोतराची निरी कधी विस्कटलेली पाहिली नाही. वर्षातून एकदा दिवाळीला येत. त्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवस होतात तोच पुन्हा आले आणि पाटावर बसता बसताच म्हणाले, "वहिनी, जमीन जाणार."

वन्सं चहा घेऊन फिरत होत्या. "कुठे जाणार?" त्यांनी विचारलं.

"कुळाच्या घशात. कायदा बदलत चाललाय. आज ना उद्या कसणाऱ्याचीच होणार. आत्ताच नोटीस देऊन, आम्ही स्वतः कसणार असं दाखवलं, तर कूळ उठवता येतं. पण तुम्ही बाईमाणूस, डोंबिवलीत राहता. तुम्ही नांगर धरणार यावर कोण विश्वास ठेवील? म्हणून म्हणतो, कॅम्पात एक ट्रॅक्टर विकायला आहे. स्वस्तात मिळेल. सुटा केलेला आहे, खोकी आणि गोणत्यांत. पण ट्रॅक्टर तो ट्रॅक्टर. तो नावावर असला की कुणी प्रश्न विचारायचा नाही."

"सुटा केलेला?" वन्सं थांबल्या. एवढ्या बोलण्यातला त्यांना तेवढाच शब्द ऐकू आला होता. "पूर्ण आहे का?"

"ते मला काय कळतंय? आणि जोडायची घाईही नाही. नोटिशीपुरता असला तरी पुरे."

दुसऱ्याच रविवारी आम्ही दोघी कल्याणला उतरून टांग्यानं कॅम्पात गेलो. लढाईच्या वेळी तिथे लष्कराच्या छावण्या होत्या. आता त्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहत होती, आणि मधल्या मोकळ्या जागेत दुकानं, भट्ट्या, वखारी उगवल्या होत्या. ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता तो शेठ साठीचा, उंच आणि थकलेला. लढाईत रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा कुणा बड्या बागाइतदाराचा हा ट्रॅक्टर बंद पडून राहिला, मग लिलावात निघाला, मालगाडीच्या वाघिणीत मावेना म्हणून सुटा केला, आणि असा फिरत फिरत शेठकडे आला होता.

"वहाँ, सिंध में, मेरे पास ऐसे दो थे," शेठ म्हणाला. "देखा तो ले लिया. अब जोड़े कौन?"

पत्र्याच्या शेडमध्ये तो पसरलेला होता. मागची दोन मोठी लोखंडी चाकं भिंतीला टेकलेली. इंजिनाचा ठोकळा रेल्वेच्या जुन्या स्लीपरवर. रेडिएटर गोणपाटात. गिअर डब्यात, डबा ग्रीसनं भरलेला. मला तो कुण्या जनावराची हाडं वेगळी करून ठेवावी तसा दिसला. वन्संनी पदर खोचला, खाली वाकल्या आणि मोजायला लागल्या. तीन तास त्या कुणाशीही बोलल्या नाहीत. निघताना शेठ म्हणाला, "ले रही हो, बहन?" वन्सं म्हणाल्या, "बघते." त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ग्रीस लागलं होतं आणि टांग्यात त्या ते पुसायला विसरल्या होत्या.

त्यानंतर त्यांचं जे सुरू झालं, त्यानं आमचं घर ढवळून निघालं. दर रविवारी कॅम्प. सोमवारपासून शनिवारपर्यंत वही. एका जुन्या वहीत त्यांनी प्रत्येक भागाचं चित्र काढलं, नाव माहीत असलं तर नाव, नसलं तर नुसता आकार. कणीक मळता मळता त्या उठायच्या, पिठाच्या हातानं वहीत काहीतरी खोडायच्या. शिंप्यांची यंत्रं साठत गेली. एकजण जिन्यातून ओरडला, "बाई, लग्नसराई आली, माझं यंत्र द्या!" तर त्याला म्हणाल्या, "उद्या," आणि तो उद्या आठ दिवसांनी उगवला. आमचे हे चिडले. "ताई, घ्यायचा तर घे, नाही तर सोड. हे काय चालवलंयस?" त्यावर वन्सं गॅलरीत निघून गेल्या आणि त्यांच्या चपलांचा आवाज नळापर्यंत जाऊन परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला.

तिसऱ्या की चौथ्या फेरीत त्यांनी लहान हातोडी बरोबर नेली. इंजिनाच्या ठोकळ्याभोवती फिरत त्या टकटक करत होत्या. एका जागी थांबल्या. पुन्हा वाजवलं. मलाही फरक कळला. इतर ठिकाणी घणघण यायची, तिथे बद्द आवाज आला. त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला, पुसला, वरून खडूची पूड लावली. थोड्या वेळानं त्या पांढऱ्या पुडीवर केसाएवढी काळी रेघ उमटली. वीतभर लांब.

"तडा," त्या मला हळूच म्हणाल्या. "पाण्याच्या बाजूला. भावजींना सांगू नकोस. शेठलाही नको, इतक्यात."

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "मग प्रश्नच मिटला की वन्सं. तडा गेलेलं कोण घेतं?"

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. "म्हणूनच सांगू नको म्हटलं. तडा आहे म्हणून मी नाही म्हटलं, तर ते माझं उत्तर नव्हे, तड्याचं. तडा बुजवता येतो. मला काय करायचंय ते मला अजून कळलेलं नाही, ते आधी कळू दे."

मला तेव्हा हा नुसता हटवादीपणा वाटला होता.

संक्रांतीनंतर त्या म्हणाल्या, "खडवलीला चल. ट्रॅक्टर वळायला जागा किती लागते ते मी काढलंय. खाचरं तेवढी रुंद आहेत का बघू." दोरखंड, खुंट्या, वही घेऊन आम्ही कसाऱ्याच्या गाडीनं निघालो. भात केव्हाच निघालं होतं, खाचरांत वाल उभा होता. लहानू शेतावरच होता. पन्नाशीचा, काटक, अंगात बंडी. वन्संना पाहून त्यानं डोक्याचं फडकं काढलं. "बाय, कळवायचं तरी. ठकीनं कायतरी केलं असतं."

"जेवायला नाही आले रे. मापं घ्यायचीत."

त्यानं कसली, कशाला, काही विचारलं नाही. दोरखंडाचं दुसरं टोक उचललं आणि चालू लागला. सकाळपासून उन्हं डोक्यावर येईतो आम्ही ती सात एकर पालथी घातली. वन्सं ओरडून आकडा सांगायच्या, मी लिहायची, लहानू दोर ताणून धरायचा, वालाच्या वेलीवर पाय पडू नये म्हणून उड्या मारत पुढे जायचा. दोर वाकडा धरला गेला की स्वतःहून म्हणायचा, "थांबा बाय, नीट नाय झाला, परत घेऊ." आणि दर खाचराला आकडा कमीच पडत होता. कुठे चार हात, कुठे सात.

शेवटच्या बांधावर वन्सं उभ्या राहिल्या. दोन खाचरांमधला तो मोठा बांध होता, दगडगोट्यांचा, वर गवत वाढलेलं. "हा काढला तर वळेल," त्या स्वतःशीच बोलल्या.

लहानूनं दोर गुंडाळायला घेतला होता. तो थांबला. मग म्हणाला, "यंत्रासाठी ना, बाय? तुमचे दीर येऊन गेले मागल्या म्हयन्यात. त्यांनी सांगितलं."

वन्संना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. "तुला माहीत होतं? मग सकाळपासून दोर कशाला धरलास?"

"तुमी एकट्या कशा धरणार?" त्यानं साधेपणानं म्हटलं. मग दोर बांधावर ठेवत बोलला, "एक इनंती हाय. हा बांध माझ्या बापानं घातलेला. नदीतले गोटे डोक्यावरनं आणून. मी पोर होतो, मी पण आणलेत. तोडायचा झाला तर मला सांगा. मी तोडून देईन. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

ठकीनं आग्रह करून आम्हाला भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. वन्संनी उभ्याउभ्या दोन घास खाल्ले. परतीच्या गाडीत डबा जवळजवळ रिकामा होता, तरी त्या दारापाशीच उभ्या राहिल्या. टिटवाळा गेल्यावर त्यांनी वहीची मापांची पानं उघडली, पाहिली आणि मिटली. फाडून फेकतील असं मला वाटलं होतं. तसं काही केलं नाही.

माधवराव शिमग्याच्या आधी नोटिशीचा मसुदा घेऊन आले. घरात आम्ही सगळे होतो. त्यांनी कागद पुढे केला, टाक काढला. "वहिनी, सही करा. ट्रॅक्टरचं मी शेठशी बोलून ठेवतो. दुसरं गिऱ्हाईक फिरतंय म्हणे."

"भावजी, तुम्ही लहानूकडे गेला होतात?"

"गेलो होतो. कल्पना द्यायला नको?"

"कल्पना मी द्यायची होती. जमीन माझ्या नावावर आहे."

"नावावर ठेवायची असेल तर सही करा," माधवराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते तसे सभ्य गृहस्थ होते. "मी माझ्यासाठी करत नाही. दादानं आयुष्यभर काजळी पुसली, त्याच्या नावाची एवढी एकच गोष्ट उरलीय. ती कुळाच्या हवाली करायची?"

हे वन्संना लागलं. नवऱ्याचं नाव घरात इतक्या मोठ्यानं फारसं कुणी घेत नसे. त्या खिडकीकडे गेल्या, परत आल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगते, भावजी. मला तो ट्रॅक्टर हवाय. गेले चार महिने मला दुसरं काही सुचत नाही. तो जोडावा, हँडल मारावं आणि तो चालू झालेला ऐकावा, एवढंच मला हवंय. तुम्हाला तो दाखवायला हवाय. तुमच्या कागदात तो सुटाच राहिला तरी चालणार आहे. आणि तो जोडून मी त्या जमिनीत घातला, तर आधी लहानूच्या हातानं लहानूच्या बापाचा बांध तोडावा लागेल. मी खूप वाटा काढून पाहिल्या. मापं तीनदा तपासली. नाही बसत."

"म्हणजे नाही?"

"जमिनीसाठी नाही."

"मग पस्तावाल."

"पस्तावेन कदाचित," वन्सं म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

माधवरावांनी चहा घेतला नाही. ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. वन्संनी पाठवलेलं लुगडं पोस्टानं परत आलं. ते लुगडं त्या कधी नेसल्या नाहीत आणि कुणाला दिलंही नाही.

मला वाटलं आता सगळं शांत होईल. पण रविवारी वन्सं पुन्हा निघाल्या. "नाही म्हणून सांगायला नको का माणसाला?" शेडमध्ये त्यांनी शेठला आधी तडा दाखवला. बोटानं पूर्ण रेघ फिरवून दाखवली. "ये तुमको किसने बताया?" शेठ चकित झाला. वन्सं आपल्या हिंदीत म्हणाल्या, "मेरेकू तीन महिन्यापासून मालूम है. मैं ये नहीं लेगी. लेकिन शेठजी, मैं जोड़के देती. पैसा नको. सिर्फ जोड़ने दो."

शेठला मराठी-हिंदीची ती खिचडी कळली की त्यांचा चेहरा कळला, देव जाणे. त्यानं शेडची किल्ली काढली आणि खोक्यावर ठेवली.

चैत्र आणि वैशाख वन्सं कॅम्पात होत्या. सकाळच्या गाडीनं जायच्या, दिवेलागणीला यायच्या. तडा त्यांनी शिवला. हो, शिवलाच. रेघेवर ओळीनं बारीक भोकं पाडून त्यांत आटे काढायचे आणि एकाला एक खेटून तांब्याच्या खुंट्या आवळत जायचं. गिरणीत रघुनाथरावांना त्यांनी तसं करताना एकदाच पाहिलं होतं. दोन गिअर मुंबईच्या जुन्या बाजारातून शेठच्या पुतण्यानं आणले. एक पट्टी कल्याणच्या लोहारानं घडवली. ती दोनदा परत नेऊन वन्संनी त्याला इतकं छळलं की त्यानं तिसऱ्या वेळी हातच जोडले. मी कधी डबा घेऊन जायची. त्या वाळल्या होत्या, काळवंडल्या होत्या, नखं फुटली होती. पण एक गोष्ट मला तिथे दिसली: पाच-पाच तास त्या एका जागी उकिडव्या बसलेल्या असत आणि त्यांना ते कळतही नसे.

चालू करायच्या दिवशी बराकींतली निम्मी वस्ती जमली. पुतण्यानं हँडल मारलं. काही नाही. दहा वेळा मारलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वन्संनी ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडला, काहीतरी कागदाच्या जाडीएवढं सरकवलं आणि म्हणाल्या, "अब मारो." एक धडाका झाला, काळ्या धुराचा लोट उठला, माणसं मागे सरली आणि मग तो धडधडायला लागला. सगळे ओरडत होते. वन्सं डोळे मिटून उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "गप्प. तिसरा सिलिंडर जरा मागे आहे." शेठच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही. मैदानातून एक फेरी वन्संनी स्वतः मारली. नऊवारी नेसलेली बाई लोखंडी चाकांच्या ट्रॅक्टरवर बसून चाललेली पाहून पोरं मागून धावत होती.

ज्येष्ठात नाशिकजवळचे एक म्हातारे बागाइतदार आणि त्यांची बायको ट्रॅक्टर बघायला आले. तो चालताना पाहिल्यावर ते म्हणाले, "घेतो. पण आमच्याकडे हे बिघडलं तर कोण बघणार? मिस्त्रीही द्या." शेठनं वन्संकडे बोट दाखवलं. म्हातारे गोंधळले. त्यांची बायको मात्र पुढे झाली आणि तिनं सरळ विचारलं, "याल का हो बाई? चार महिने. माझ्या घरात राहा."

ज्या बाईनं एका ट्रॅक्टरवर अर्धं वर्ष घालवलं होतं, तिनं तिथल्या तिथे "येते," म्हटलं.

यांनी फार विरोध केला. लोक काय म्हणतील, असं म्हणाले. "लोक आत्ता म्हणतातच की," म्हणून वन्संनी ट्रंक भरायला घेतली. जाण्याआधी त्यांनी एक काम केलं. कल्याणच्या कचेरीत जाऊन कायद्यानं ठरेल त्या किमतीला जमीन लहानूच्या नावे करून दिली. तो सही करायला कचरत होता. त्या म्हणाल्या, "आटप, मला गाडी आहे." त्या वर्षी वाल आले. पुढच्या वर्षी आले नाहीत, त्यानंतरही कधी नाहीत. मी जरा रागानंच पत्रातून कळवलं. वन्संचं उत्तर आलं: "तो आता माझं कूळ नाही. वाल हवे असतील तर बाजारात मिळतात." पण त्याच पत्रात खाली, सहज विचारावं तसं, लिहिलं होतं, "ठकी बरी आहे ना?"

चार महिन्यांची नऊ वर्षं झाली. तिकडे त्यांनी पंप पाहिले, उसाचे चरक पाहिले, दोन ट्रॅक्टर आणखी जोडले. तिथल्या लोकांनी त्यांना 'मिस्त्रीणबाई' म्हणायला सुरुवात केली, आणि तिथेच एका उन्हाळ्यात, चार दिवसांच्या तापानं, त्या गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. त्यांचं शेवटचं दर्शन मला झालं नाही. म्हणून असेल, वन्सं म्हटलं की मला कल्याण स्टेशनावरचा तो दुपारचा निरोपच समोर येतो.

नाशिककडची गाडी यायला वेळ होता. फलाटावर आम्ही दोघीच होतो. हे हमालाशी बोलत लांब उभे होते. वन्सं येरझारा घालत होत्या. एकदम माझ्यासमोर थांबल्या.

"मालती, या सगळ्यात प्रत्येकानं मला काहीतरी सांगितलं. घे, नको घेऊ. तू रविवारमागून रविवार माझ्याबरोबर आलीस आणि तो तडा सोडला तर एका शब्दानं काही बोलली नाहीस. का गं?"

खोटं बोलायला वेळ होता, पण मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही ट्रॅक्टर घेतलात तर खडवलीला राहायला जाल आणि बाहेरची खोली मुलांना मिळेल, असं माझ्या मनात होतं. म्हणून 'घेऊ नका' म्हणाले नाही. आणि 'घ्या' म्हणायची लाज वाटत होती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हे नातं संपलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला, आणि त्या हसताहेत हे मला उशिरा कळलं.

"मिळाली ना आता खोली?" त्या म्हणाल्या. "अगं, बरं झालं बोललीस. मी इतके दिवस समजत होते, तुला माझं काही पडलेलंच नाही."

गाडी आली. त्यांनी ट्रंक आत ढकलली, हत्यारपेटी मात्र कुणाच्या हातात दिली नाही. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीत नव्हत्या. डब्यातला एखादा पंखा बिघडलेला असेल, तो बघायला गेल्या असतील.

मुलांना खोली मिळाली. मी ती झाडली, भिंतींवरचे तेलाचे डाग घासून काढले, दोन गाद्या टाकल्या. पावसाळा संपेपर्यंत दोघांपैकी एकही तिथे झोपायला तयार झाला नाही. आवाज नाही म्हणून भीती वाटते, असं म्हणायचे.